पाच म्हणताना कोण गळालं?



हे लिखाण आधी कबुली आहे, मग विचार.

दोन महिन्यांमागं अभ्यास मंडळात मी अमेरिकेतल्या काइओवा जमातीच्या चित्रकारांवर बोललो. ज्यांच्या जमिनी लुटल्या, देव बंद केले, नाच बंद केले, त्या लोकांची पोरं कागदावर आपला नाच रंगवतात आणि ती चित्रं युरोपात भिंतीला लागतात, हे सांगताना माझा आवाज चढला होता. फळ्यावर खडूनं पाच नावं लिहिली. पाचही पुरुष. मागं बसलेल्या एका पोरीनं विचारलं, 'भाऊ, यात बाई एकपण नव्हती का?'

मी म्हणालो, 'नव्हती.'

ना शोधलं, ना थांबलो. पुस्तकात 'काइओवा फाइव्ह' असं छापलेलं, मी छापलेल्यावर भरवसा ठेवला. छापलेल्यावर भरवसा ठेवू नका असं सगळ्यांना सांगत हिंडणारा मी!

बाई होती. तिचं नाव लोइस स्मोकी. घरचं काइओवा नाव बोगेटा, म्हंजे पहाटेची. जन्म १९०७, अनाडार्कोजवळ. त्याच साली ओक्लाहोमा हे राज्य झालं. राज्य कुणाच्या जमिनीवर झालं ते समजून घ्या. १८६७ च्या मेडिसिन लॉजच्या तहानं काइओवांना राखीव मुलुखात कोंडलं. १८७५ मध्ये त्यांच्या लढवय्यांना साखळदंडात घालून फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियनच्या किल्ल्यात टाकलं. तिथं या कैद्यांनी हिशेबाच्या वह्यांवर आपले घोडे, आपली शिकार, आपल्या लढाया काढल्या. १८९० मध्ये सूर्यनृत्य सैन्याच्या धाकानं थांबवलं. १९०१ मध्ये माणशी तुकडे पाडून उरलेली जमीन चिठ्ठ्या टाकून गोऱ्यांना वाटली. ही पोर जन्मली तेव्हा घर लुटून झालेलं होतं.

अनाडार्कोला सरकारी नोकरीत सुझन पीटर्स नावाची बाई होती. काइओवा पोरांच्या हातातली चित्रं तिनं ओळखली. तिच्या खटपटीनं ही पोरं नॉर्मनच्या ओक्लाहोमा विद्यापीठात पोचली. कलाविभागाचा प्रमुख ऑस्कर जेकबसन, मूळचा स्वीडनचा. शाळेचं शिक्षण पुरं नव्हतं म्हणून यांना नेहमीचे विद्यार्थी करून घेतलं नाही, वेगळं बसवलं. एडिथ माहिए नावाच्या बाई त्यांचं काम बघायच्या. १९२६ मध्ये चौघं आले: स्पेन्सर असाह, जॅक होकीया, स्टीफन मोपोप, मनरो त्साटोके. १९२७ च्या जानेवारीत लोइस आली. म्हंजे पाच झाले. त्याच साली ती घरी परतली, आणि जेम्स ऑकिया आला. तो काइओवांचा गाजलेला सरदार सटांटा याचा नातू. पुन्हा पाचच!

इथं मी अडकलो, आणि रात्रपाळीत यावरच विचार करत राहिलो.

मी सूतगिरणीत बदली कामगार आहे. बदली म्हंजे काय ते तुम्हांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कायम माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर मला उभा करतात. मी आलो नाही तर दुसरा कुणी. मुकादम मोजतो ती डोकी नाहीत, साचे. साचे भरले की हजेरीपट बरोबर. महिन्याकाठी त्या साच्यावर चार माणसं घामेजून गेली तरी रकाना एकच.

काइओवांच्या बाबतीत तसंच झालं. पाच हा आकडा कधीच खोटा नव्हता! ती होती त्या दिवशी पाच, ती गेली त्या दिवशी पाच. खोटं बोललं कुणीच नाही. खोटं झालं ते पुढं, जेव्हा दिवसाची मोजणी इतिहासाची मोजणी म्हणून चालवली. दिवसाच्या हजेरीत जागा मोजून चालतं. इतिहासात माणसं मोजावी लागतात. जागा मोजणाऱ्याला एक माणूस गळाल्याचा पत्ताच लागत नाही, कारण त्याची बेरीज जुळलेली असते. म्हणून मी म्हणतो, बेरीज जुळली की सावध व्हा.

यात ऑकियाचा दोष नाही हेही सांगतो. बदलीवर आलेला माणूस चोर नसतो. त्याची चित्रं त्याचीच, त्याचा हक्क त्याचाच. त्याला बाजूला सारून तिला बसवणं म्हंजे तीच पाच जागांची मोजणी उलटी करणं. सहा म्हणावं, एवढंच. आता तसं म्हणतातही. पण 'काइओवा सिक्स' हे नाव रुळायला फार उशीर लागला. लोइस १९८१ मध्येच गेली.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त टोचतो. ती का गेली?

काइओवांत, आणि त्या मैदानी मुलखातल्या इतर जमातींतही, चित्राची वाटणी होती. माणूस, घोडा, लढाई, दर्शन हे पुरुषानं काढायचं. बाईनं कातडी पिशव्यांवर त्रिकोण, चौकोन, रेघा काढायच्या, मणीकाम करायचं. त्या त्रिकोणांना कमी लेखू नका. कच्च्या कातड्यावर मोजमाप न करता सरळ रेघ ओढणं काय असतं ते हातानं काम करणाऱ्याला कळतं. चांगलं मणीकाम करणाऱ्या बाईला त्या समाजात मान होता. पण लोइसनं माणसं काढली. आई काढली, मूल काढलं, कुटुंब काढलं. सपाट रंग, पाठीमागं काही नाही, नुसती माणसं. बाईनं माणूस काढला, याची चीड तिच्याच लोकांत होती.

तिचे लोक म्हंजे कोण? ज्यांच्या नाचावर सरकारचा डोळा होता ते. १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या इंडियन खात्यानं परिपत्रक काढून हे नाच आवरा म्हणून सांगितलं होतं. आणि ही पोरं तेच नाच रंगवत होती. हा नकारच होता, कागदावरचा. मी अजूनही तो नकारच मानतो.

पण बघा, ही पोरं रिवाजाप्रमाणं चालली होती का? रिवाज कातड्यावर काढायचा होता, त्यांनी कागद घेतला. रिवाजात विद्यापीठ नव्हतं, गोऱ्या गिऱ्हाईकाला विकणं नव्हतं, परक्या बाईनं शिकवणं नव्हतं. हे सगळं त्यांनी केलं आणि बरंच केलं. त्याला लोकांनी काळ बदलला म्हटलं. तिनं त्याच कागदावर, त्याच रंगानं, त्याच खोलीत एक माणूस काढला, तर रिवाज मोडला! पुरुषानं मोडलं तर नवी वाट, बाईनं मोडलं तर आगळीक. हा न्याय कुठला? ज्या रिवाजाला पुरुषाच्या सोयीनं वाकता येतं, तो बाईसमोर आला की दगड कसा होतो?

इथं एक मित्र मला म्हणाला, 'तू गोऱ्यांचं काम करतोयस. लुटलेल्या समाजाकडं उरलेला असतो तो रिवाज. तोही तू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतोस. आधी बाहेरच्याशी लढू, घरातलं नंतर बघू.'

त्याचं म्हणणं मी हलकं घेत नाही. बाहेरच्याचे हात इथंही बरबटलेले आहेत. विद्यापीठानं त्या पोरांना धड विद्यार्थी मानलं नाही. संग्रहालयांनी चित्राला कला म्हटलं आणि मणीकामाला कारागिरी म्हणून तळघरात टाकलं. ती वाटणी काइओवांची नव्हे, युरोपची. काइओवांची वाटणी वेगळी होती, तीत बाईच्या हाताला मान होता. या दोन वाटण्या एकमेकींवर बसल्या आणि त्यांच्यामधे ही एकटी पोर चेपली. तिनं पुरुषाचं चित्र काढलं तर घरचे रागावणार. बाईचं मणीकाम केलं तर बाहेरचा त्याला कला म्हणणार नाही. दोन्ही बाजूंनी दार लावलेलं!

पण 'घरातलं नंतर' हे मला पटत नाही. कारण नंतर म्हंजे कधी ते कुणी सांगत नाही. १९२८ मध्ये प्रागला चित्रं लागली. १९२९ मध्ये फ्रान्सातल्या नीस शहरी त्यांचा मोठा चित्रसंच छापला. त्यात लोइसची चित्रं आहेत, नाव आहे. म्हंजे पुरावा छापील होता, डोळ्यासमोर होता. १९३६-३७ च्या सुमारास मोपोपनं असाह आणि ऑकियाला घेऊन अनाडार्कोच्या पोस्टाच्या भिंती रंगवल्या. पोरांना सरकारी भिंती मिळाल्या. ती तोवर संसारात होती. छापील पुरावा असूनही बेरीज पाचच राहिली आणि तिचा भराभर 'काइओवा फाइव्ह' झाला. सांगणाऱ्याला कधी पाचांत ती चालली, पुष्कळदा पाच पुरुष चालले. 'नंतर' आलं तेव्हा ती मातीत होती. न्याय उशिरा आला तर तो कुणाला पोचतो? आपल्याला पोचतो, आपल्या मनाच्या समाधानाला. तिला नाही.

अजून एक सांगतो, नाहीतर मी फळ्यावरची चूक दुसऱ्या तऱ्हेनं करीन. तिचं परत जाणं म्हंजे हार, असं मी म्हणणार नाही. ती घरी गेली, लग्न केलं, संसार केला, मणीकाम केलं. तिची चित्रं थोडी आहेत, आणि त्यामुळं जपली जातात. तिला हुतात्मा करून पोस्टरवर चिकटवणं सोपं आहे. पण मग आपणही तिच्या मण्यांना कमीच लेखलं ना? कागदावरची आई म्हंजे कला आणि हातातल्या मण्यांचा पट्टा म्हंजे हार, हे कोण ठरवतं? तिच्या तोंडी आपलं भाषण घालण्याचा हक्क आपल्याला नाही. आपल्याला हक्क एकच आहे: तिच्यासाठी दार बंद होतं हे सांगण्याचा. दाराआड ती सुखी होती की दुःखी, यावर दाराचा गुन्हा ठरत नाही. माणूस बंद खोलीत गाणं म्हणत असला म्हणून कडी लावणारा सुटत नाही.

हे आपल्याला का सांगतोय? आपण बाबासाहेबांचं नाव घेतो म्हणून. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. समाज किती पुढं गेला ते त्यातल्या बाया किती पुढं गेल्या यावरून मी मोजतो, असं बाबासाहेब तिथं म्हणाले. म्हंजे मोजायचं कसं ते सांगून ठेवलेलं आहे. तरी आंबेडकरी चळवळीतल्या बायांची नावं गावोगाव फिरून गोळा करायला दोन बायाच लागल्या, मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार. त्यांचं पुस्तक १९८९ मध्ये आलं. तोवर आपलीही बेरीज जुळलेलीच होती!

म्हणून मी परवा आपल्याच अंकाचं पहिलं पान उघडलं. संपादक मंडळ: पाच नावं. पाचही आपण पोरं. त्यात मीही आहे. मग स्वतःला विचारलं, स्टेन्सिल कोण कापतं? कामावरून आल्यावर रात्री अकरापर्यंत टाइपरायटरवर कोण बसतं? माझ्या कवितेतला ऱ्हस्व-दीर्घ कोण सुधारतं? यंत्राच्या शाईनं कुणाची ओढणी काळी होते? ती आहे. पहिल्या अंकापासून आहे. आपण तिला ताई म्हणतो आणि चहा झाला का म्हणून विचारतो.

मी तिच्याकडं गेलो. लोइस स्मोकीचं सगळं सांगितलं. म्हणालो, 'ताई, पुढच्या अंकापासून मंडळात तुमचं नाव टाकू.' मला वाटलं होतं ती खूश होईल. खरं सांगतो, मी स्वतःवरच खूश होऊन गेलो होतो.

ती स्टेन्सिलवरचं लाल औषध फुंकत म्हणाली, 'नावाचं राहू दे रे. माझी कविता तीन अंक झाले तुमच्या पिशवीत आहे. वाचली का कुणी?'

वाचली नव्हती.

मी खाली उतरलो. पिशवी शोधली. तिच्या कवितेचा कागद सगळ्यांत तळाला होता, घडी न उघडलेला. जिन्यातल्या दिव्याखाली उभा राहून वाचला. चांगली आहे की नाही ते मी इथं सांगणार नाही. मी शिफारस करायची आणि तुम्ही माना डोलवायच्या, हे पुन्हा तेच झालं. रविवारच्या बैठकीत ती कविता इतरांच्या कवितांसारखीच वाचली जाईल. झोडायची असेल तर झोडा, पण वाचून. आणि मंडळाचं नाव ठरवताना तीही बैठकीत असेल, शाईचे हात घेऊन नव्हे, बसून.

आणि मागच्या रांगेतल्या त्या बहिणीला, जिचा प्रश्न मी एका शब्दात उडवला: तुझं बरोबर होतं. बाई होती. आता फळ्यावर सहा नावं लिहीन.

जय भीम.