सूर कोठे असतो?

वाद्यातून निघणारा सूर वाद्याचा असतो की वाजविणाऱ्याचा, हा प्रश्न प्रथमदर्शनी गवयांच्या बैठकीतला वाटतो. वस्तुतः तो आपल्या घराघरांतला प्रश्न आहे. कऱ्हा आणि नीरा यांच्या काठच्या आपल्या भागात पेटी, तबला, ढोलकी आणि झांजा यांच्या जोडीला गिटार आली, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. साध्या गिटारीवर हात बसला की तरुणाला विजेवरची गिटार हवीशी वाटते. ती आली की ॲम्प्लिफायर हवा होतो. मग आवाजाचे रूप पालटणाऱ्या, पायाने दाबायच्या त्या छोट्या पेट्या, ज्यांना मुले पेडल म्हणतात, एकीमागून एक हव्या होतात. मुलगा संध्याकाळभर बटणे फिरवीत बसतो आणि म्हणतो, "अजून हवा तसा टोन येत नाही." उसाच्या बिलावर किंवा महिन्याच्या पगारावर घर चालविणारे वडील विचारतात, "अरे, मग गाणे कधी वाजविणार?"

दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि दोघांचेही अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. मनातल्या सुराचा शोध ही निष्ठा कधी असते आणि ती हाव कधी होते, हे ठरविण्यास काही कसोटी आहे काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम मुलाची बाजू पाहू. साधी गिटार लाकडाच्या पोकळ पेटीतून बोलते. विजेच्या गिटारीचे तसे नाही. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते, ॲम्प्लिफायर ती वाढवितो आणि ध्वनिक्षेपकाचा कागदी पडदा तिचा पुन्हा आवाज करतो. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी हे वाद्य सिद्ध केले, त्यामागची गरज साधी होती. वाद्यवृंदाच्या गलक्यात गिटार ऐकूच येत नसे. म्हणजे या वाद्याचा अर्धा देह ॲम्प्लिफायरात आहे. तार, चुंबक, वायर, ध्वनिक्षेपक आणि ज्या खोलीत वाजवायचे ती खोली, या साऱ्यांचा सुरात वाटा असतो. तेव्हा बटण फिरविणारा मुलगा खेळत आहे असे समजणे अन्यायाचे आहे. तोही वाद्य लावीतच आहे.

आणि वाद्य लावणे आपल्या भागाला नवीन नाही. हलगी वाजविणारा वाजविण्यापूर्वी ती विस्तवावर शेकून घेतो. कातडे तापून ताणले गेल्याशिवाय ती कडाडत नाही. आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा दिंडीतल्या मृदंगाकडे पाहावे. त्याच्या डाव्या तोंडावर कणीक लावलेली असते. कणकेच्या त्या गोळ्याशिवाय मृदंगाला घुमारा येत नाही. ती किती लावायची हे पुस्तकात सापडत नाही. कातडे कसे आहे, हवा पावसाळी आहे की कोरडी, यावर ते ठरते. वादक थोडी कणीक लावतो, थाप मारतो, कान देतो, थोडी काढतो. विजेच्या गिटारीचे बटण आणि ही कणीक यांचे काम एकाच जातीचे आहे.

याहून सूक्ष्म उदाहरण मिरजेचे. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, तंतुवाद्ये घडवू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून ते तंबोरे करतात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिरीचा प्राण जवारीत आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने घासून त्याला अगदी किंचित बाक देतात, म्हणजे तार त्याला अलगद स्पर्श करीत थरथरते आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा दोरा सरकवितात. तो केसभर पुढेमागे झाला तरी आवाज खुलतो किंवा मिटतो. या दोऱ्याला जीवा म्हणतात. मिरजेत राहिलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, ज्यांचे १९३७ साली निधन झाले, ते तंबोऱ्याच्या सुरेलपणाविषयी किती काटेकोर होते आणि वाद्ये स्वतः कशी दुरुस्त करीत, हे संगीतप्रेमींना ठाऊक आहे. एवढा मोठा गवई दोऱ्यासाठी वेळ देत असेल, तर बटणासाठी वेळ देणाऱ्या मुलाला आपण हसू नये.

"खरा सूर बोटांत असतो, यंत्रात नव्हे," असे वचन मोठी माणसे अशा वेळी ऐकवितात. त्यात तथ्य आहे. एकच गिटार दोघांनी वाजविली तर ती दोन तऱ्हांनी बोलते. तार दाबण्याचा जोर आणि ती छेडण्याची जागा प्रत्येकाची निराळी असते. परंतु हे वचन कोण कोणाला ऐकवितो, हेही पाहिले पाहिजे. ज्याच्या गिटारीच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच आहेत की बोटे सोलवटतात, ज्याचे वाद्य एक कडवे होईपर्यंत सुरात राहत नाही, त्याला बोटांचा महिमा सांगणे म्हणजे गरजवंताला उपदेशावर बोळविणे होय. साधनसंपन्नाने साधनहीनाला साधनाचे महत्त्व नाही असे सांगू नये. आपल्या गायकवृंदातील मुलाला नव्या तारा हव्या असतील, वाद्य जाणकाराकडून नीट करून घ्यावयाचे असेल, तर तो खर्च चैनीचा नाही. हातात मोडके औत देऊन सरळ तासाची अपेक्षा कोणी शेतकरी करीत नाही.

आता वडिलांची बाजू. साधनाची गरज मान्य केली तरी तिला शेवट कोठे? या संदर्भात एका इंग्रज बापलेकाची हकीकत बोधप्रद आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने ज्या 'क्वीन' वाद्यवृंदात गाऊ लागला, त्यातील गिटारवादक ब्रायन मे. १९६३ साली तो सोळा वर्षांचा होता आणि चांगली गिटार विकत घेणे घराला परवडणारे नव्हते. त्याचे वडील हॅरल्ड हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. दोघांनी मिळून घरीच गिटार करावयास घेतली आणि त्या कामाला सुमारे दोन वर्षे लागली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. त्या लाकडाला कीड लागून पडलेली भोके त्याने बुजविली. पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या पेटीतली शिंपल्याची बटणे आली आणि जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगाही कामी आल्या. चुंबकाचे वेढेही त्याने हाताने दिले होते. पण त्यांचा आवाज मनासारखा येईना, तेव्हा ते भाग मात्र त्याने विकत आणले. तीच गिटार त्याने पुढे जगभर वाजविली, आणि तीही प्लॅस्टिकच्या पट्टीऐवजी सहा पेनीच्या नाण्याने.

या हकीकतीत गरिबीचे कौतुक करण्यासारखे काही नाही. लक्षात घेण्यासारखे हे की त्या मुलाला काय हवे आहे ते अगोदर ऐकू येत होते. वस्तू त्या सुराच्या मागून आल्या; शेकोटीचे लाकूड चालले तेथे ते घेतले, न चालले तेथे पैसे मोजले. आणि वडिलांनी मुलाला जे दिले ते मुख्यतः संध्याकाळच्या वेळा होत्या.

हाव याच्या उलट वागते. तिला सूर ऐकू येत नसतो. ती दुकानातली पेटी पाहते आणि तीत सूर असेल अशी आशा धरते. एक पेटी आणली, चार दिवस नवल वाटले, पाचव्या दिवशी दुसरी हवी झाली. आज तर एका लहानशा डिजिटल यंत्रात शेकडो ॲम्प्लिफायरांच्या आवाजांची नक्कल मिळते. ही सोय मोठी आहे, विशेषतः कमी पैशांत शिकणाऱ्यांसाठी. परंतु शेकडो दारे एकदम उघडी असली की मनुष्य कोणत्याच घरात राहत नाही, उंबरठ्यांवरच हिंडतो. निवड करणे म्हणजे उरलेले सोडून देणे होय. विवाहाच्या वेळी किंवा व्रतस्थ जीवनात पाऊल ठेवताना आपण हेच करतो. "याहून बरे काही असेल" हा विचार थांबविल्याशिवाय ज्याचा स्वीकार केला त्याची खोली कळत नाही. एका वाद्याशी वर्षभर राहिलेल्या वादकाला त्याच्या तारेत जे सापडते, ते दर महिन्याला वाद्य पालटणाऱ्याला सापडत नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. मनातल्या सुराचा पाठपुरावा म्हणजे हट्ट नव्हे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या, १९६१ साली गाजलेल्या, एका गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रातील बिघाडामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा आवाज फाटून गुरगुरता उमटला. तोवर अभियंत्यांचा सारा प्रयत्न आवाज स्वच्छ ठेवण्याचा होता. हा आवाज त्या दृष्टीने दोषच. पण तो तसाच ठेवण्यात आला. ध्वनिमुद्रण करणारे ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच आवाज मुद्दाम काढणारी विद्युत्-रचना केली आणि १९६२ मध्ये तिची पेटी बाजारात आली. पायाने दाबायच्या आजच्या कित्येक पेट्यांचे मूळ त्या बिघाडात आहे. बिघाड कोठेही होतो. त्यात काही मोलाचे आहे हे ओळखणारा कान तेथे होता, ही खरी गोष्ट. शोध घेणाऱ्याने योजिलेल्याइतकेच न योजिलेलेही ऐकावयास तयार असले पाहिजे. ही नम्रता नसेल तर शोध म्हणजे स्वतःच्याच आवडीभोवती घातलेली प्रदक्षिणा ठरते.

मग कसोटी कोणती? ती आम्हांस दिंडीतल्या मृदंगाजवळ सापडते. मृदंग लावणाऱ्याभोवती माणसे उभी असतात. अभंग सुरू व्हावयाचा असतो. त्याला कणीक लावण्यास वेळ मिळतो, पण मोजका. अभंग उचलला गेला की लावणे संपले. मग जसा सूर लागला असेल तसा तो इतरांच्या हवाली करावा लागतो. त्याच्या शोधाला दुसऱ्यांची वाट पाहणे हीच सीमा आहे, आणि तीच त्या शोधाला अर्थ देते. खोलीचे दार लावून, कोणीही वाट पाहत नसताना चाललेला शोध वर्षानुवर्षे चालू शकतो, कारण तो कोणाला द्यावयाचाच नसतो.

उपासनेतील वाद्यांविषयी ख्रिस्तसभेने केलेला विचारही याच दिशेने गेला आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी मंदिरात पियानो तसेच ढोल, झांजा यांसारखी गोंगाटाची वाद्ये वाजविण्यास मनाई केली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात ऑर्गनचा मान राखूनही, अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांना दार उघडले. ती वाद्ये पवित्र कार्याला साजेशी असावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावीत आणि भाविकांच्या उन्नतीस त्यांनी हातभार लावावा, एवढी अपेक्षा ठेवली. वाद्य किती जुने, कोणत्या देशातले किंवा किती किमतीचे, हा प्रश्न तेथे महत्त्वाचा राहिला नाही. ज्या झांजा १९०३ मध्ये निषिद्ध होत्या, त्याच आज आपल्या भक्तिगीतांना साथ करतात. वाद्य तेच, ते कोणासाठी वाजते याकडे पाहण्याची दृष्टी पालटली.

तरुणांना म्हणून आमचे सांगणे असे, की शोध अवश्य करा. पण कोणतीही पेटी आणण्यापूर्वी, आपल्याला नेमके काय ऐकू येत आहे आणि ते आजच्या साधनांत का उमटत नाही, हे एका वाक्यात सांगता येते काय ते पाहा. सांगता आले तर ती गरज समजा. नाही आले तर तूर्त तारा पालटा आणि सराव करा. आईवडिलांना एवढेच सांगावयाचे, की "गाणे कधी वाजविणार?" हा प्रश्न विचारल्यावर उठून जाऊ नका. थोडा वेळ बसा आणि दोन आवाजांतला फरक मुलाला विचारा. तो फरक तुम्हांला ऐकू येईलच असे नाही. परंतु आपण जे ऐकतो आहोत ते ऐकावयास घरात कोणी बसले आहे, हे त्याला कळेल. ऐकणारा मिळाला की शोधाला दिशा मिळते.

आणि रविवारी मिस्सेत ती गिटार वाजेल तेव्हा आणखी एक गोष्ट पाहावी. पुढच्या बाकावर बसलेल्या आजीबाई पाठ असलेले गीत थरथरत्या आवाजात, किंचित मागे राहून गातात. वाजविणाऱ्याच्या कानाला तो आवाज लागला आणि त्याचा हात आपोआप बटणाकडे जाऊन गिटारीचा आवाज थोडा उतरला, तर त्याला सूर सापडला असे आम्ही समजू.