समोरच्याचं वाक्य

स्नेहसंमेलन जवळ आलं की घरोघरी लेकरं संवाद घोकू लागतात. स्वतःचं वाक्य तोंडपाठ होतं, समोरच्याचं मात्र ऐकलेलंच नसतं. म्हणून रंगमंचावर गाडं अडतं.

दुसऱ्याचं ऐकून ते आपल्या तोंडून बोलणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण आठवतं. जानेवारी २०१९. यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक होत्या त्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर त्या खचल्या नाहीत. ‘तेरवं’ नाटकात त्या उभ्या राहिल्या आणि कितीतरी एकल बायांचं दुःख त्यांच्या तोंडून बोललं.

पाठांतर म्हणजे दुसऱ्याचं सुखदुःख आपल्या जिभेवर वागवणं. आज लेकरू वही घेऊन आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवा. समोरच्या पात्राची वाक्यं तुम्ही म्हणा. ऐकणं तिथूनच सुरू होतं.