साडेपाच सेकंदांचं राज्य

गेममध्ये ठरलेला टप्पा गाठला की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढायचा, पाकिटात घालायचा आणि कंपनीला पाठवायचा. काही दिवसांनी टपालाने कापडी बिल्ला घरी यायचा. 1980 नंतरच्या दोन-तीन वर्षांत अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने अमेरिकेतल्या पोरांना ही चटक लावली. अटारी या कंपनीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमरांनी 1979 मध्ये ही कंपनी काढली होती, आणि गेम विकून झाल्यावरही गिऱ्हाईक हातचं जाऊ नये यासाठी तिला ही युक्ती सुचली होती. आज गेम खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात ‘अचिव्हमेंट’ झळकते, तिची पणजी म्हणजे हा बिल्ला. पोरं तो जॅकेटवर शिवून मिरवत.

असा बिल्ला देणाऱ्या गेमपैकी एक होता ‘ड्रॅगस्टर’. डेव्हिड क्रेन यांनी 1980 मध्ये अटारी 2600 या गेमयंत्रासाठी लिहिलेला, अवघ्या दोन किलोबाइटचा. सरळ रस्ता आणि दोन गाड्या. बटण दाबलं की अ‍ॅक्सिलरेटर, जॉयस्टिक डावीकडे ओढली की क्लच, सोडली की पुढचा गिअर. घाई केली तर शर्यत सुरू होण्याआधीच बाद. इंजिन जरा जास्त ताणलं तर ते फुटलंच. सगळं जमून आलं तर तव्यावरची पोळी उलटायच्या आत शर्यत संपते. सहा सेकंदांच्या आत येणाऱ्याला बिल्ला मिळायचा.

1982 मध्ये टॉड रॉजर्स या तरुणाच्या नावावर 5.51 सेकंद अशी वेळ लागली. कंपनीने ती मानली. त्याच सुमारास आयोवा राज्यातल्या ऑटम्वा या लहानशा गावात वॉल्टर डे यांनी ‘ट्विन गॅलक्सीज’ हे आर्केड थाटलं होतं आणि देशभरातल्या खेळाडूंचे विक्रम नोंदवायला सुरुवात केली होती. हळूहळू ती वही म्हणजे या जगाचा सातबारा होऊन बसली: तिथे नाव असेल तर विक्रम तुमचा, नसेल तर नाही. 5.51 तिथेही चढला. पुढे गिनेसनेही सर्वांत जास्त काळ टिकलेला व्हिडिओ गेम विक्रम म्हणून त्याची दखल घेतली. रॉजर्सची ख्याती वाढली, इतर अनेक गेममधले आकडे त्याच्या नावापुढे लागले, आणि पुढे तो ट्विन गॅलक्सीजमध्ये पंचही झाला. ज्याच्या हाती वही, त्याचंच नाव वहीच्या माथ्यावर. यात कुणाला वावगं वाटलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

आता या गेमच्या घड्याळाकडे पाहा. ते सलग धावत नाही, उड्या मारतं. एकेक उडी साधारण 0.03 सेकंदाची. त्यामुळे 5.57 च्या खालची पायरी 5.54, आणि तिच्या खालची 5.51. विक्रम आणि बाकीचे यांच्यात मोजून दोन पायऱ्या. दिसायला किती जवळ!

त्या दोन पायऱ्यांनी किती जणांची झोप उडवली असेल याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. असा एखादा खेळाडू डोळ्यांसमोर आणा. सहाच्या आत यायला त्याला फार वेळ लागत नाही. मग तो 5.7 च्या आसपास येतो. मग गिअर कधी सोडायचा, बटणावरचं बोट कधी उचलायचं, हे घोकून घोकून एका रात्री पडद्यावर 5.57 उमटतं. त्याने निर्दोष शर्यत मारलेली असते. या गेममध्ये माणसाला करण्यासारखं आणखी काही उरलेलंच नसतं. पण त्याला ते कोण सांगणार? यादी सांगते की अजून दोन पायऱ्या बाकी आहेत, म्हणजे दोष आपल्याच बोटांत. तो पुन्हा बसतो. शिखरावर उभं राहून माणूस शिखर शोधत राहतो.

2017 मध्ये एरिक कोझिएल याने वेगळी वाट धरली. त्याने शर्यत जिंकायचा नाद सोडला आणि गेमच उघडला. दोन किलोबाइटचा तो प्रोग्रॅम ओळीओळीने उलगडला, वेग कसा वाढतो, गिअर बदलल्यावर काय होतं, हे गणितात मांडलं, आणि कोणती बटणं कोणत्या क्षणी दाबली तर सर्वांत कमी वेळ लागेल ते काढलं. उत्तर आलं 5.57. त्याखाली गेम जातच नव्हता. आपण सुरुवातच दुसऱ्या गिअरमध्ये केली होती, असं रॉजर्सचं म्हणणं होतं. तीही वाट तपासली गेली, तिथूनही 5.51 निघेना.

एक दगड हलला की भिंतीतले बाकीचे दगडही लोक चाचपून पाहतात. ‘बार्नस्टॉर्मिंग’ या विमानाच्या गेममधले सगळे अडथळे काढून टाकून विमान सरळ उडवलं, तरी रॉजर्सच्या नावावरची वेळ गाठता येईना. ‘वॅबिट’ या गेममध्ये गुण पाच-पाचाने वाढतात आणि त्याच्या नावावर होते 1,698. हे शोधायला प्रोग्रॅम उलगडायचीही गरज नव्हती. पाचाचा पाढा येणारं पोर वही पाहून सांगू शकलं असतं. पण वहीतला आकडा पाहून लोक मान डोलवत, कारण तो वहीत होता.

जानेवारी 2018 मध्ये ट्विन गॅलक्सीजने रॉजर्सचे सगळे विक्रम काढून टाकले आणि पुढे नोंद करायलाही त्याला बंदी केली. गिनेसनेही आपल्या नोंदी मागे घेतल्या. आपण लबाडी केली हे रॉजर्सने मान्य केलं नाही, आणि 1982 साली त्या पडद्यावर नेमकं काय उमटलं होतं हे आता कुणी सिद्ध करू शकत नाही. मला त्याच्यापेक्षा बाकीच्यांचं जास्त वाटतं. कंपनीने फोटोवर भरवसा ठेवला, वहीने कंपनीवर, गिनेसने वहीवर, आणि पोरांनी या सगळ्यांवर. प्रत्येकाने आपल्या आधीच्याने तपासलं असेल असं धरलं. गेमचं कार्ट्रिज मात्र हजारो घरांत पडून होतं, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार.

2005 मध्ये एक्सबॉक्स 360 हे गेमयंत्र आल्यापासून अचिव्हमेंटची नोंद यंत्रच करतं, फोटो लागत नाही. म्हणून प्रश्न सुटला असं समजू नका. त्याच यंत्रावर ‘अवतार’च्या एका गेममध्ये सुरुवातीलाच एक बटण दाबत राहिलं की काही मिनिटांत पुरे 1,000 गुण मिळत. नोंद शंभर टक्के खरी, आणि तरी मिळवलं काय? ते यंत्राला विचारून उपयोग नाही.

‘ड्रॅगस्टर’ आजही खेळला जातो. अव्वल वेळ 5.57 आहे आणि ती एकट्याची नाही. त्या वेळेपुढे अनेकांची नावं आहेत, सगळी पहिल्या क्रमांकावर, आणि तिथे पोचलेल्याला आता बोटांना दोष देत पुन्हा बसावं लागत नाही.