कोरा रकाना

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर आहे. काळ्या मातीचा, कापूस-तूर-सोयाबीनचा हा मुलूख. तिथल्या काही शेतकऱ्यांनी मिळून एक गट केला होता. सगळ्यांचा कापूस एकाच काट्यावर मोजायचा, एकत्र हिंगणघाटच्या बाजारात न्यायचा, अडीनडीला गटातून उचल द्यायची आणि हंगाम सरला की हिशेब करायचा, अशी त्यांची रीत होती.

वह्या वाढल्या तसा हिशेब संगणकावर गेला. एक तक्ता सभासदांचा, दुसरा पावत्यांचा, तिसरा उचलीचा. प्रत्येक सभासदाला एक क्रमांक दिलेला. पावतीवरही तोच, उचलीवरही तोच. त्या क्रमांकाच्या आधारे तिन्ही तक्ते जुळवायचे आणि हवी ती यादी काढायची. गावातली कॉम्प्युटर शिकलेली एक मुलगी हे काम पाहायची.

मृग जवळ आला तेव्हा गटाच्या बैठकीत दोन ठराव झाले. ज्यांनी कापूस आणला, त्यांना क्विंटलमागे बोनस. आणि ज्यांच्याकडून हंगामभरात काहीच आलं नाही, त्यांना पेरणीसाठी बियाणं. पैसे पुढच्या पिकावर. दुसरा ठराव गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आबाजींनी मांडला होता. "ज्याच्या घरचा कापूसच आला नाही, त्याच्यावर काहीतरी बितलं असन," एवढंच ते म्हणाले, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

दोन्ही याद्या काढायचं काम मुलीकडे आलं.

पहिली यादी बोनसची. तिनं सभासदांना पावत्या जोडल्या, मग उचलही जोडली, म्हणजे बोनसातून उचल तिथंच वळती करता येईल. क्षणात यादी आली. संगणकानं कुठंही चूक दाखवली नाही. तिनं आधी आबाजींनाच त्यांचा आकडा वाचून दाखवला: ३२ क्विंटल.

आबाजी हसले नाहीत. "पोरी, माह्या ३ एकरात ३२ क्विंटल कुठून येतीन? काटा मी सोताच्या डोयानं पाह्यला. १६ हाये."

"पण आबाजी, यात तुमचाच फायदा आहे," गटाचा सचिव म्हणाला.

"फायदा कसला? तो दुसऱ्याच्या हिश्शातून येतो ना!"

मुलगी पावत्या उघडून बसली. आबाजींच्या ३ पावत्या होत्या: ५, ५ आणि ६ क्विंटलच्या. उचल त्यांनी दोनदा घेतली होती. पावत्या आणि उचल यांचा आपसात काही संबंध नव्हता. दोन्हींचा संबंध फक्त आबाजींशी. तरीही एकाच वेळी जोडल्यावर प्रत्येक पावती प्रत्येक उचलीशी जुळली आणि ३ गुणिले २ अशा ६ ओळी तयार झाल्या. म्हणून कापूस दुप्पट दिसला, उचल तर तिप्पट. ज्यांनी एकदाच उचल घेतली होती, त्यांचा कापूस बरोबर होता, म्हणून वरवर पाहणाऱ्याला शंकाही आली नसती.

सचिवानं उपाय सुचवला, "बेरजेला डिस्टिंक्ट लाव, दुबार आकडे आपोआप जातील."

तिनं लावून पाहिलं. आता आबाजींचा कापूस ११ क्विंटल झाला! ५ क्विंटलच्या दोन खेपा खऱ्या होत्या, पण आकडा सारखा म्हणून संगणकानं त्यातली एक गिळली. आधी जास्तीची चूक होती, आता कमीची झाली. लक्षण झाकलं, दुखणं तसंच राहिलं.

मग तिनं मुळाला हात घातला. पावत्यांची बेरीज सभासदवार वेगळी केली, उचलीची वेगळी केली. प्रत्येक सभासदाची दोन्हीकडे एकेकच ओळ उरली, तेव्हा त्या जोडल्या. उचल न घेतलेले लोक यादीतून गळू नयेत म्हणून लेफ्ट जॉइन वापरला. या हंगामाची अटही शेवटच्या गाळणीत, म्हणजे व्हेअरमध्ये, न घालता आधी उचलीच्या बेरजेतच घातली. नाहीतर ज्यांची उचलच नाही ते त्या अटीत पुन्हा बाहेर पडले असते. म्हणजे ज्यानं गटाकडे कधी हात पसरला नाही, त्याचाच बोनस गेला असता. आबाजींचा आकडा १६ आला.

आता दुसरी यादी. तिनं विचारलं: ज्यांचा क्रमांक पावत्यांच्या तक्त्यात नाही, असे सभासद दाखव. त्यासाठी नॉट इन वापरलं. उत्तरात एकही ओळ आली नाही.

सचिवाला आनंद झाला. "म्हणजे सगळ्यांचाच कापूस आला! बियाण्याचा खर्च वाचला."

मुलगी मात्र थांबली. आबाजींनी आपला आकडा डोळ्यांनी पाहिलेल्या काट्याशी ताडून पाहिला होता, ते ती विसरली नव्हती. तिनं ओळखीचा एक माणूस आठवला: नाल्याकाठच्या काकू. पावसाळ्यात नाल्याला पूर आला, त्यांचं वावर खरडून गेलं, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. त्यांच्या नावावर पावती असणं शक्यच नव्हतं. तिनं काकूंच्या क्रमांकाच्या पावत्या शोधल्या. एकही नव्हती. मग त्या यादीत का नाहीत?

तिनं पावत्यांमध्ये रिकामा क्रमांक शोधला. नल म्हणजे कोरा रकाना. आधी 'बरोबर नल' असं विचारलं, तर काहीच सापडलं नाही. 'इज नल' असं विचारल्यावर एक पावती पुढे आली. कापूस होता, वजन होतं, तारीख होती. सभासद क्रमांकाचा रकाना कोरा.

तक्ते जुळवून यादी काढण्याच्या या पद्धतीचा पाया एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना घातला. माहिती तक्त्यांत ठेवायची, काय हवं ते माणसानं सांगायचं, कसं शोधायचं ते यंत्रानं पाहायचं. त्या व्यवस्थेत कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे आणि 'नाही'ही नव्हे. तो म्हणजे 'ठाऊक नाही'. काकूंचा क्रमांक सगळ्या पावत्यांपेक्षा वेगळा आहे का, असं विचारल्यावर संगणक कोऱ्या रकान्यापाशी अडला. तिथं काकूंचाच क्रमांक असू शकतो. खात्री नाही, म्हणून त्यानं काकूंना सोडलं. तोच न्याय प्रत्येकाला लागला आणि एका कोऱ्या जागेपायी अख्खी यादी रिकामी झाली.

"मग ती पावती वगळून टाक," सचिव म्हणाला. "किंवा नॉट एक्झिस्ट्स वापर, ते कोऱ्या रकान्यापाशी अडत नाही. यादी येईल."

"यादी येईल," मुलगी म्हणाली, "पण तो कापूस कोणी आणला?"

तिनं कपाटातून पावतीपुस्तक काढलं. कागदावर नाव होतं. हंगामाच्या शेवटी, दिवेलागणीला बंडी घेऊन आलेला एक सभासद. मोजणाऱ्याला त्याचा क्रमांक सापडला नाही, म्हणून 'नंतर भरू' म्हणत रकाना तसाच राहिला. वर्षभरात त्याची ती एकच खेप. पावती नुसती वगळली असती, तर कापूस आणूनही तो 'न आणणाऱ्यांत' गेला असता आणि बोनसाला मुकला असता.

आबाजी ऐकत होते. ते म्हणाले, "२०१७ च्या कर्जमाफीत असंच झालं होतं. आधार जुळे ना, खातं जुळे ना, नाव जुळे ना. अन् याद्या रखडल्या. माणूस त गावातच होता, कागदात जुळत नव्हता."

मुलीनं त्या सभासदाचा क्रमांक भरला आणि बोनसची यादी पुन्हा काढली. मग नॉट एक्झिस्ट्सनं बियाण्याची यादी काढली. काकूंसह मोजक्या घरांची नावं आली. बोनसच्या यादीतले सभासद आणि बियाण्याच्या यादीतले सभासद यांची बेरीज तिनं एकूण सभासदांशी ताडून पाहिली. ती जुळली तेव्हाच कागदावर सही घेतली. शेवटी पावत्यांच्या तक्त्याला तिनं नियम घातला: सभासद क्रमांकाशिवाय, आणि सभासदांच्या तक्त्यात नसलेल्या क्रमांकानं, पावती नोंदलीच जाणार नाही. सचिवानं बियाण्याची पहिली पिशवी स्वतः काकूंच्या घरी नेली.

तात्पर्य: संगणक विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, मनातल्या प्रश्नाचं नाही. चुकीच्या प्रश्नाचं उत्तरही तो त्याच झपाट्यानं आणि त्याच विश्वासानं देतो. म्हणून एखाद्या खऱ्या, ओळखीच्या माणसावर ते पारखून घ्यावं, आणि आकडा आपल्या फायद्याचा असेल तर दुप्पट पारखावं. बेरीज आधी, जोडणी नंतर. किती माणसं घेऊन निघालो आणि किती घेऊन पोचलो, ते शेवटी मोजावं. कोऱ्या रकान्याला 'नाही' समजू नये. त्याच्यामागे कोण आहे ते जाऊन पाहावं. कारण यादीतून गळणाऱ्यांत बहुधा तोच असतो, ज्याच्या नावावर नोंदी सगळ्यांत कमी असतात आणि ज्याला त्या यादीची गरज सगळ्यांत जास्त असते.