परक्या पाण्यावरील आनंद

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर सुटीच्या दिवशी पुण्यामुंबईकडील पुष्कळ लोक येतात. डोक्यास शिरस्त्राण व अंगास तरंगते जाकीट बांधून ते रबरी तराफ्यात बसतात आणि खळाळत्या पाण्यातून तीन-चार कोस खाली उतरतात. अशा करमणुकीत वेळ व पैसा घालविणे बरे की वाईट, असे कित्येक जण विचारतात. कष्टाने थकलेल्या जिवाने डोंगर, झाडी व वाहते पाणी पाहून ताजेतवाने व्हावे, यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. खरा प्रश्न त्याहून खोल आहे.

भर उन्हाळ्यात एवढे पाणी कोठून येते? घाटमाथ्यावर मुळशी येथे मुळा नदीस धरण बांधले आहे. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेस भीमेत, भीमेतून कृष्णेत व शेवटी बंगालच्या उपसागरास जावयाचे. ते अडवून बोगद्यातून व नळांतून पश्चिमेस कड्याखाली भिरा येथे उतरविले आहे. तेथे १९२७ सालापासून त्याच्या जोरावर वीज निघत आली आहे. यंत्रे फिरवून झाली म्हणजे ते पाणी कुंडलिकेस मिळते, आणि ते सुटेल त्या वेळीच तराफे चालतात.

परंतु त्या धरणाच्या तळाशी मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे व घरे आहेत. ती बुडू नयेत म्हणून १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. लोकांनी तुरुंग सोसला, तथापि धरण झालेच. मुंबईस वीज मिळाली, आणि खोऱ्यातील कुटुंबांस गाव सोडावे लागले.

तर मग दुसऱ्याच्या हानीतून आलेल्या पाण्यावर आनंद करावा काय? कोणी म्हणेल, करू नये. परंतु त्या न्यायाने दिवाही लावता येणार नाही, आणि आपण तराफ्यात न बसल्याने बुडालेले एकही खाचर वर येत नाही. दुसरा म्हणेल, ती गोष्ट जुनी झाली, आम्हांस तिचे काय? हेही बरोबर नव्हे. आजोबांनी उसन्या पैशाने विहीर खणली असेल, तर नातवाने तिचे पाणी पिणे हा अपराध नव्हे. परंतु विहीर आमच्याच घामाची आहे असे सांगत फिरणे हे असत्य होय, आणि सावकाराच्या मुलास तिच्या काठावरून हाकलणे हा अन्याय होय.

म्हणून आमचे मत असे आहे की, आनंद करावा, पण ऋण ओळखून करावा. जो ऋण ओळखतो तो नदीकाठी बाटल्या व उष्टे टाकीत नाही, आणि वल्हे धरणाऱ्या गावकऱ्याची मजुरी घासाघीस करून तोडीत नाही.

आमच्या वाचकांपैकी थोडेच तराफ्यात बसतील. परंतु ज्याच्या घरी विजेचा दिवा आहे किंवा शेतात पाटाचे पाणी आहे, त्यासही हाच हिशेब लागू आहे. उद्या कोठे नवे धरण व्हावयाचे झाले, तर आपणांस काय मिळेल हे विचारण्यापूर्वी कोणाचे बुडेल, त्यास मोबदला काय व केव्हा मिळेल, हे आपण विचारावे. मुळशीचे ऋण फेडण्याचा एवढा एक मार्ग अजून आपल्या हाती आहे.