अंगठे धरून वाच

चिरंजीव,

तू पाठवलेला फोटो मिळाला. कतारच्या अल रय्यानमधल्या तुझ्या फ्लॅटच्या बैठकीत काचेचं नवं कपाट, आत पिवळे दिवे, मधला खण रिकामा. खाली तुझी ओळ : "सर, इथे पणजोबांचं पिस्तूल येणार. दिवाळीनंतर आई येतेय, सुटं करून तिच्या बॅगेत टाकायला सांगितलंय." आणि पुढे हसरा चेहरा.

वर्गात असतास तर खडू फेकला असता. आता नेम राहिला नाही, म्हणून लिहितो. अंगठे धरून वाच.

पहिलं म्हणजे ते पिस्तूल नव्हे. गोळ्यांचं चक्र फिरतं ते रिव्हॉल्व्हर. गावात सगळे त्याला पिस्तूल म्हणतात आणि गावानं म्हणावं. पण काचेचं कपाट करून संग्राहक व्हायला निघालेल्यानं म्हणू नये. दुसरं, ते 'सत्तावनच्या बंडात गोऱ्या साहेबाच्या कमरेचं हिसकावलेलं' नाही. ही कथा तू सातवीत असताना सांगितली होतीस, तेव्हा पोर आहे म्हणून मी ऐकून घेतली. आज तूच पाठवलेला हत्याराचा फोटो मोठा करून पाहिला. चौकटीवर 'वेब्ली मार्क सहा' आणि खाली १९१७ असं स्वच्छ कोरलंय. वेब्लीचा पहिला मार्क इंग्रजी फौजेनं घेतला १८८७ मध्ये, सहावा १९१५ मध्ये. सत्तावन साली रिव्हॉल्व्हरं होती, नाही असं नाही. पण ती कोल्ट आणि ॲडम्सची, दारू ठासून वर टोपी बसवायची. तुझ्या घराण्यानं साठ वर्षं आधीच साहेबाकडून हिसकावलं असेल, तर साहेबाच्या कारखान्यानं ते घडवायच्या आधीच हिसकावलंत म्हणायचं.

हसू नकोस. खरी गोष्ट या खोट्या गोष्टीहून मोठी आहे आणि ती तू फेकून दिलीस, म्हणून माझा संताप. आपल्या चावडीच्या भिंतीत एक दगड आहे. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, इतके परतले नाहीत, असा मजकूर त्यावर कोरलाय. मी तुम्हा पोरांना तिथे उभं करून वाचायला लावला होता. गेलेल्यांत तुझा पणजोबा होता, आणि तो गेला होता मेसोपोटेमियात. सातारा-कोल्हापुरातली शेकडो पोरं तिकडे गेली. १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी कुत-अल-अमारात वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ला पडलेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनंच संपला. नकाशा उघड. मुंबईहून बसऱ्याला जाणारी जहाजं ज्या आखातातून गेली, त्याच आखाताच्या काठी तू आज पगार घेतोस. पणजोबा तुझ्या दारावरून गेलाय, बाबा.

त्याचं डिस्चार्ज बुक तुझ्या आजोबांच्या ट्रंकेत होतं. मी स्वतः पाहिलंय. पलटण, हुद्दा, कुठे कुठे होता, सगळं त्यात. गेल्या महिन्यात तुझ्या घरी गेलो तेव्हा ट्रंक उघडायला लावली. कागदाला कसर लागली आहे, कडा चाळणीसारख्या झाल्यात. लोखंडासाठी दिव्यांचं कपाट, आणि पणजोबाच्या नावाला कसर!

तरी हे सगळं मी सोडून दिलं असतं. इतिहासाच्या मास्तरला विद्यार्थ्यांच्या थापांची सवय असते. आईचं मात्र सोडणार नाही.

परवाना तुझ्या आजोबांच्या नावाचा होता. ते जाऊन नऊ वर्षं झाली. तेराव्याला पंगती उठवल्यास, सातबारावर वारस नोंद लावून घेतलीस, बँकेतलं खातं बंद केलंस. तलाठ्याकडे तीन हेलपाटे घालणारा तू, पोलीस ठाण्यात एकदाही गेला नाहीस. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. माणूस गेला की घरातलं हत्यार बेकायदा. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याचं २१ वं कलम सांगतं की जवळ बाळगायचा हक्क संपला की विनाविलंब पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, काडतुसांसकट. जमा केलं म्हणजे गेलं असंही नाही. २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे. एवढंच काय, परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. आजोबा ८४ व्या वर्षी गेले. संधी तुमच्या हातात होती!

आणि आता ते हत्यार कोणाच्या ताब्यात आहे? तुझ्या नाही. तू चार हजार रियालांच्या फ्लॅटमध्ये एसी लावून बसलायस. ते माझ्या वहिनींच्या, तुझ्या आईच्या, तांदळाच्या कणगीमागे आहे. उद्या कोणी चहाडी केली तर पंचनामा तिच्या दारात होईल, मुद्देमाल तिच्या घरातून निघेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला शिक्षा कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. तुझं वेब्ली तर .४५५ चं, लष्करी बोअर; त्याला साध्या .३२ चे नियम लागतील असं गृहीत धरू नकोस. प्रतिबंधित हत्यार ठरलं तर आकडा सातपासून सुरू होतो. त्या माउलीला मी विचारलं, "वहिनी, चक्रात काडतुसं आहेत का हो?" ती म्हणाली, "मला काय माहीत, मी खंडेनवमीला लांबूनच हळदकुंकू वाहते." नऊ वर्षं! नळीत कुंकू, चापाला खोबरेल, आणि आत काय ते देवाला ठाऊक.

तिच्या बॅगेत 'सुटं करून' पाठवायला सांगतोस. कुठे शिकलास रे हे? सुटे भागसुद्धा कायद्यात शस्त्रच आहेत. देशाबाहेर न्यायला वेगळा परवाना लागतो. १९१७ ची वस्तू शंभरी ओलांडून गेली, म्हणजे १९७२ चा पुरावस्तू कायदाही मध्ये उभा राहू शकतो. एवढं सगळं चुकवून ती दोह्यात उतरली, तर तिथे कतारचा १९९९ चा शस्त्र कायदा आणि तिथलं गृहखातं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईला तू मुंबईच्या क्ष-किरण यंत्रापुढे उभी करणार होतास, कपाटातला खण भरावा म्हणून.

"पण सर, इथे तर कटारा सांस्कृतिक गावातल्या सुहैलच्या प्रदर्शनात बंदुका विकतात," असं तू मागे म्हणालास. विकतात. २०१७ पासून ते शिकारीचं आणि ससाण्यांचं प्रदर्शन भरतं आणि हत्यार घ्यायला तिथेही सरकारी परवानगी लागते. ज्यांचा देश त्यांनाही लागते, तू कोण? आणि हे आजचं नाही. तुझ्याच नगरपालिकेच्या हद्दीत अल वज्बाचा किल्ला आहे. मार्च १८९३ मध्ये शेख जासिमनं तिथे ऑटोमन फौजेला हरवलं. बंदुकीच्या जोरावर राज्य राखलेलं हे घराणं. तरी त्याच्याच मुलाला, शेख अब्दुल्लाला, ३ नोव्हेंबर १९१६ च्या करारात इंग्रजांकडून लेखी ठरवून घ्यावं लागलं की मस्कतच्या शस्त्रगोदामातून वर्षाला ५०० पर्यंत हत्यारं मिळावीत. शेखाला कागद लागला. तुला बॅग पुरे.

तुझ्या मित्रमंडळींत तू निरोप फिरवलायस म्हणे : घरात आजोबा-पणजोबांची हत्यारं पडून असतील तर कळवा, किंमत देऊ. ताबडतोब मागे घे. आपल्याकडे एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात; आधी तीन होत्या, २०१९ ला दोन झाल्या, आणि वारसाहक्कानं आलेल्याही त्या दोनातच धरतात. ४५ व्या कलमात सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या, मोडक्या हत्याराला. गंजलंय म्हणून सूट नाही. संग्रहाची खरीच हौस असेल तर पुण्याला जाऊन केळकर संग्रहालयातले बारूददान बघ. काकासाहेब केळकरांनी जन्मभर दारोदार हिंडून जमवलं आणि गेलेल्या मुलाच्या नावानं सरकारला देऊन टाकलं. स्वतःच्या बैठकीत दिवे लावून बसले नाहीत.

तुझ्या मेट्रोच्या हिरव्या मार्गावर 'कतार नॅशनल लायब्ररी' नावाचं स्टेशन आहे. त्या ग्रंथालयानं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीबरोबर आखाताची जुनी इंग्रजी दप्तरं २०१४ पासून सगळ्या जगाला फुकट उघडी केली आहेत. शस्त्रांच्या चोरट्या व्यापाराचा पत्रव्यवहारही त्यात आहे. मी इथे खेड्यात बसून, नातवाच्या मोबाइलवर ती वाचतो. तू दोन स्टेशनांवर राहतोस. किती वेळा गेलास, खरं सांग. कपाटवाल्याकडे किती वेळा गेलास तेही सांग.

आता काम. रजा काढून ये. आईला यात घालू नकोस. हत्याराला तू हात लावायचा नाहीस, उघडून बघायचं नाही, एसटीत पिशवीत घालून न्यायचं तर मुळीच नाही. आधी वकिलाला गाठ, मग आजोबांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला घेऊन ठाण्यात जा, उशीर झाल्याचं स्वतःच्या तोंडानं कबूल कर, आणि ते सांगतील तसं जमा कर. वारस परवान्याचा अर्ज करायचा की नाही, ते नंतर ठरव. डिस्चार्ज बुक मी घेऊन आलोय. कडुनिंबाचा पाला घालून कापडात बांधलंय. रिकाम्या खणात तेच ठेव.

जमा पावतीचा फोटो पाठव. तोवर मला फोन करू नकोस.

तुझा,
सर

ता. क. : आईचं तिकीट रद्द करू नकोस. ती येईल, हलक्या बॅगेनं.