लोटाची निवड आणि आपली

शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय १३



परभणीहून गंगाखेड, परळी, लातूर, दौंड या मार्गानें पुण्यास जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर जो कोणी उभा राहिला असेल, त्यानें हें दृश्य पाहिलेंच असेल : एक पत्र्याची पेटी, ज्वारीचें पोतें, गोधडींत बांधलेलीं भांडीं आणि त्या गांठोड्यावर बसलेलीं मुलें. कोणाचें सोयाबीन पाण्यानें गेलें, कोणाच्या कापसाचा खर्चहि निघाला नाहीं, कोणास तर मुळीं शेतच नाहीं. आमच्या लहान लहान मंडळ्यांतूनहि दर वर्षीं एखादें घर कुलूप लावून निघतें. जाणें हें पाप नव्हे. अब्राम निघाला, याकोब निघाला, अलीमलेख दुष्काळामुळें बेथलेहेम सोडून मवाब देशीं गेला. प्रश्न इतकाच कीं, जाऊन बिऱ्हाड थाटावें कोठें? हा प्रश्न आम्ही पाळक लोक फार हलका समजत आलों. त्याविषयींची आमची एक चूक आधीं सांगितल्यावांचून आम्हांस पुढें बोलवत नाहीं.

कांहीं वर्षांमागें आमच्या मंडळींतील एक कुटुंब पुण्याकडे निघालें. घरधन्यास चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत काम मिळालें होतें. राहावें कोठें, असें त्यानें आम्हांस विचारलें. आम्हीं म्हटलें, "जेथें भाडें कमी, तेथें राहा, देव पाहून घेईल." मग प्रार्थना केली आणि त्यांस निरोप दिला. भाडें खरोखर कमी होतें; परंतु शाळा महामार्गाच्या पलीकडे होती आणि पाणी टँकरचें होतें. बाप पहांटे निघे व रात्रीं परते. टँकर येईल त्या वेळीं घरीं कोणी तरी हवें, म्हणून आठवींतली मुलगी घरीं राहूं लागली. पुढें तिची शाळा सुटली ती सुटलीच. उपासनेस जावयाचें तर दोन बसगाड्या बदलाव्या लागत. तेंहि हळूहळू सुटलें. दोन वर्षांनीं नाताळास तो बंधु गांवीं आला तेव्हां म्हणाला, "पाळकसाहेब, आपण आमच्यासाठीं प्रार्थना केली, पण आमचा पत्ता कांहीं विचारला नाहीं." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें.

आतां शास्त्रपाठाकडे वळूं. अब्राम व लोट यांचीं गुरेंढोरें इतकीं वाढलीं कीं, एकाच ठिकाणीं दोघांचा निभाव लागेना. गुराख्यांत भांडणें होऊं लागलीं. हा प्रसंग बेथेलजवळचा आहे. आपल्या शेजारच्या जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकांत जी ख्रिस्ती वसाहत वसविली, तिला त्यांनीं हेंच नांव दिलें. अब्राम वडील असूनहि त्यानें निवडीचा मान पुतण्यास दिला. लोटानें डोळे वर करून पाहिलें. यार्देनेचें खोरें सोअरापर्यंत पाण्यानें भरलेलें होतें. त्यानें तें निवडलें आणि सदोमाच्या बाजूस आपला तंबू दिला.

लोटाची चूक कोणती? त्यानें पाणी पाहिलें ही चूक नव्हे. ज्याच्यापाशीं गुरें आहेत त्यानें पाणी पाहिलेंच पाहिजे. त्यानें एकच गोष्ट पाहिली, ही त्याची चूक. शेजारी कोण, मुलींचें पुढें काय होईल, वेदी कोठें बांधावी, हें त्यानें विचारल्याचें शास्त्रांत कोठेंच आढळत नाहीं. पुढचीं पावलें पाहा. तेराव्या अध्यायांत त्याचा तंबू सदोमाकडे आहे, चौदाव्यांत तो सदोमांतच राहत आहे, आणि एकोणिसाव्यांत तो त्या नगराच्या वेशींत बसला आहे. नाशाची सूचना दिली तेव्हां जांवयांस ती थट्टा वाटली. इकडे अब्राम हेब्रोनाजवळ मम्रे येथें गेला आणि तेथें त्यानें वेदी बांधली. दोघांनींहि बिऱ्हाड हलविलें. एकानें डोळ्यांनीं निवड केली, दुसऱ्यानें वेदीसकट घर मांडलें.

बंधुजनहो, आज आम्हांपुढेंहि खोरें आहे. पुण्याभोंवती पिंपरी, चिंचवड, भोसरी, मोशी, तळेगांव, हडपसर, मांजरी, वाघोली अशीं कितीएक उपनगरें पसरलीं आहेत. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ सालीं झाली; वाघोली व इतर गांवें मिळून २३ गांवें २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेलीं. परंतु गांव महानगरपालिकेंत गेलें म्हणजे त्याच दिवशीं नळास पाणी आलें, असें समजूं नका. म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट पाणी, आणि पाण्याचीं दोन्हीं रूपें. नळास पाणी किती दिवसांनीं व किती वाजतां येतें, हें घरमालकास न विचारतां शेजारणीस विचारावें. आणि पूर कोठवर येतो, हेंहि विचारावें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुणें बुडालें. २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत नदीचें पाणी घरांत शिरलें. २०२५ च्या मे महिन्यांत चिखली येथें इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आंत बांधलेले ३६ बंगले महानगरपालिकेनें पाडले. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत प्रभूनें उगाच सांगितला नाहीं.

दुसरी गोष्ट वाट. भाड्यांत वांचलेले पैसे गाडीभाड्यांत जातात आणि वेळ तर परत येतच नाहीं. चाकणास रेल्वे नाहीं. तळेगांव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी हीं पुणें-लोणावळें लोकलचीं स्थानकें आहेत. पिंपरी ते स्वारगेट मेट्रो २०२४ पासून धांवते. काम कोठें आहे त्यावरून घर पाहावें. घर पाहून मग काम शोधूं नये. कारखान्याची बस कोणत्या नाक्यावर थांबते, हें एका प्रश्नांत कळतें आणि त्यानें रोजचे दोन तास वांचूं शकतात.

तिसरी गोष्ट मुलांची शाळा. ती पायीं जातां येईल इतकी जवळ असावी आणि मध्यें महामार्ग नसावा. वर्षाच्या मध्येंच गेलांत तरी भिऊं नका : २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयाप्रमाणें वर्ग मिळतो, आणि जुन्या शाळेचा दाखला उशिरां आला म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं. हें त्या वेळीं आम्हांस ठाऊक असतें, तर एका मुलीची शाळा कदाचित् सुटली नसती.

चौथी गोष्ट कागद. भाड्याचा करार लेखी व नोंदलेला असावा; १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदलेला नसेल, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. अनामत रकमेची पावती घ्यावी. आणि जे गांवचें शेत विकून तेथें गुंठा-दोन गुंठे घेऊं पाहतात, त्यांस आमचें हात जोडून सांगणें आहे : नोटरीची सही म्हणजे खरेदीखत नव्हे. सातबारा, बिनशेतीची परवानगी व मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय एक पैहि देऊं नका. सदनिका घ्यावयाची असेल तर महारेराकडे तिच्या प्रकल्पाची नोंद आहे कीं नाहीं, तें पाहा. आजोबांनीं राखलेलें रान एकदांच विकतां येतें.

या सर्वांचें एक उदाहरण तुमच्याच वाटेवर आहे. दौंड सोडल्यावर गाडी केडगांवावरून जाते. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढिलें व पुढील वर्षीं तें पुण्यास आणिलें. पुढें त्यांनीं शहरापासून दूर, पण लोहमार्गाला लागून, केडगांवास जमीन घेतली, विहिरी खणविल्या, झाडें लाविलीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून अनाथ मुली आणिल्या. पुण्यांत प्लेगामुळें त्यांस ठेवतां येईना, तेव्हां तीच जमीन त्यांचा आसरा झाली. रमाबाईंची प्रार्थना कोणापेक्षां कमी नव्हती. तरी त्यांनीं विहीर खणावयाची ठेविली नाहीं. विश्वास आणि चौकशी हीं एकमेकांचीं वैरी नाहींत.

आणि वेदी? ती पांचवी गोष्ट म्हणून आम्ही शेवटीं ठेवीत नाहीं. ती या चारहि गोष्टींच्या मधोमध आहे. रविवारीं कुटुंबासह जेथें पोहोंचतां येईल, अशी मराठी उपासना जवळ असावी. नसेल तर दोन-तीन कुटुंबांनीं एकाच वस्तींत घरें पाहावीं आणि एका खोलींत सायंप्रार्थना सुरूं करावी. परक्या नगरांत एकट्या घराचा दिवा वाऱ्यानें लवकर विझतो. आणि शेजारी परधर्मीय आहेत म्हणून दार लावून बसूं नये; बाबेलास नेलेल्या लोकांसहि यिर्मयानें हेंच लिहून पाठविलें होतें कीं, त्या नगराचें कल्याण इच्छा व त्यासाठीं प्रार्थना करा.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस एक शब्द. जाणाऱ्या कुटुंबास नुसता आशीर्वाद देऊन पाठवूं नका. तेथील पाळकास पत्र लिहा, फोन करा, आधीं गेलेल्या कुटुंबाशीं गांठ घालून द्या. महिन्यानें विचारा : मुलें कोणत्या शाळेंत जातात? पाणी येतें काय? रविवारीं कोठें असतां?

येत्या मे महिन्यांत आमच्या मंडळींतून आणखी एक घर निघत आहे. या खेपेस आम्हीं घरधन्यास सांगितलें कीं, आधीं एकट्यानें जा, आठ दिवस राहा, तीन ठिकाणें पाहा आणि सायंकाळीं कामावरून सुटल्यावर त्या वाटेनें चालून पाहा. तो परत आल्यावर आम्ही सगळे त्यांच्या ओट्यावर बसलों. भाड्याचे आंकडे त्यानें सांगितले, आम्हीं ऐकले. मग त्याच्या पत्नीनें विचारलें, "तिन्हींपैकीं कोठल्या वस्तींत लेकरूं अंधार पडल्यावर एकटें घरीं येऊं शकेल?" तो बराच वेळ गप्प बसला. मग दोन नांवें त्यानें स्वतःच खोडलीं. जें राहिलें त्याचें भाडें अधिक आहे. तें कसें भागवावें, याचा विचार आतां आमची सबंध मंडळी करीत आहे. आणि तें आमचें काम आहेच.

ज्या देवानें लोटाची निवड चुकल्यावरहि त्याला हात धरून बाहेर काढिलें, तो आमच्या चुकाहि सांवरो. आणि जे निघाले आहेत त्यांस अब्रामाची दृष्टि देवो. आमेन.